आभाळ भरलंय, पण भरती कधी आहे?
(खाडीकाठची पाखरं : लेखांक ४)

ऑक्टोबर उजाडला की पक्षीनिरीक्षकांमध्ये एकच खल सुरू होतो: या रविवारी जायचं की थांबायचं? मुंबईतून मॉन्सून माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पण पाऊस तारखा कुठे पाळतो! माझं मत विचाराल तर ठाणे खाडीवर जाताना आधी तिथी पाहावी आणि मग आभाळ.

कोकणच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ अदमासाने कळते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास. आत ऐरोली-भांडुपपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पाखरं पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके उरतात. पाणी चढू लागलं की तीच पाखरं काठाकडे सरकत येतात. म्हणून भरतीआधीचे दोन तास चुकवू नयेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटफेऱ्याही भरती पाहूनच ठरतात. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती. पाणी फार चढत नाही आणि पाखरंही तितकी जवळ येत नाहीत.

ढगांना उगाच घाबरू नका. उन्हाने चिखल तापला की त्यावरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही चांगल्या दुर्बिणीतून धड दिसत नाही. ढगाळ सकाळी हा त्रास नसतो. रंग तेवढे फिके पडतात, म्हणून नजर चोचीवर आणि चालीवर ठेवायची. छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखा वरच्यावर भराभर टोचत जातो. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, डोळ्यांनी हेरतो आणि मगच भक्ष्य उचलतो. गॉडविट लांब सरळ चोच पार मुळापर्यंत खुपसतो. कर्ल्यूची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात वळून शिरते. प्रत्येकाच्या चोचीची पोच वेगळी, म्हणून एकाच चिखलावर इतक्या जणांचं पोट भरतं. हे एकदा डोळ्यांत बसलं की करड्या उजेडातही पक्षी ओळखता येतो. रोहित पक्ष्यांची वाट मात्र एवढ्यात पाहू नका. त्यांचे मोठे थवे बहुधा नोव्हेंबरनंतर उतरतात.

सर आली की अख्खा थवा वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. वारा मागून आला तर पिसं उलटतात, म्हणून ही काळजी. सर ओसरली की लगेच खाणं सुरू. तेव्हा आडोशाला थांबा, घाईने परतू नका. गडगडाट ऐकू आला तर मात्र एक क्षणही थांबायचं नाही. मोकळ्या बांधावर सगळ्यांत उंच आपणच असतो. परतीच्या पावसाची वीज बहुतेक दुपारनंतरची. त्यामुळे सकाळची भरती असलेले दिवस या महिन्यात सर्वांत चांगले.

ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली. पण चिखल बुडाल्यावर पाखरं ज्या तळ्यांवर विसावतात, ती नेरूळची, उरणची अनेक पाणथळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भराव पडताना दिसला तर तारीख-वेळेसह फोटो काढा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार करा.