लहान मुलांसोबत बोरिवलीचं जंगल

ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी मुलांना खरं जंगल दाखवायचंय? मुंबईकरांनो, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारखी दुसरी जागा नाही! शंभर चौरस किलोमीटरहून मोठं रान, तेही बोरिवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

गेट उघडतानाच पोहोचा. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर मुलांना सोसत नाही. आधी कान्हेरीची लेणी गाठा, ती गेटपासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, त्यामुळे छोट्यांना चालवत नेऊ नका. तिथे शंभरावर लेणी आहेत, पण सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आणि त्याच्या व्हरांड्यातल्या दोन भव्य बुद्धमूर्ती दाखवा. मग कातळात कोरलेली पाण्याची टाकी शोधायला सांगा. पावसाचं पाणी पन्हळींतून टाक्यांत कसं उतरायचं, हे मुलं स्वतः शोधून काढतात, आणि माझ्या मते इथली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. टाक्यांपाशी मात्र हात सोडू नका.

परतताना झाडांमधली जाळी निरखा. पावसाळ्यानंतर जायंट वूड स्पायडरची मादी तळहाताएवढी दिसते! फुलपाखरं भरपूर असतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मनही भेटू शकतं. बिबटे आहेतच, म्हणून मुलांना पुढे पळू देऊ नका.

खाऊ बंद डब्यात, सॅकच्या आत ठेवा, कारण माकडं हातातली पिशवी ओढतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम, जास्तीचं पाणी घ्या. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा जोडून आलेल्या सुट्टीचा बेत आखताना तेवढं बघा.