तटावरची घाणेरी

किल्ल्याच्या तटाकडे पायथ्याहून पाहिले असता काळ्या दगडांच्या सांध्यांतून डोकावणारी लाल-पिवळ्या फुलांची झुडपे पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतात. पाहणाऱ्यास वाटावे, निसर्गाने या भग्न वास्तूस तोरणच बांधले आहे! परंतु हे तोरण वास्तूच्या मुळावर आलेले असते. या झुडपाचे नाव घाणेरी. काही भागांत तिला टणटणी असेही म्हणतात. तिचे पान चुरगळल्यावर जो उग्र दर्प येतो, तो एकदा घेतला म्हणजे पहिल्या नावाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

घाणेरी मूळची आपल्या भूमीतील नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी तिला शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणले. पुढे ती कुंपणासाठी लावली जाऊ लागली आणि तेच कुंपण ओलांडून रानात शिरली. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. टंचाईच्या दिवसांत खाल्लीच, तर त्यांना कावीळ होते आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. तिच्या दाट जाळीखाली गवतही वाढत नाही.

पण उभ्या तटावर ती पोचते कशी? बुलबुल आणि साळुंकी हे पक्षी तिची पिकलेली काळी फळे आवडीने खातात आणि तटावर विसावा घेतात. त्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडते. तेथे झिजलेल्या चुन्यात चिमूटभर माती साचलेली असली, तरी तेवढी तिला पुरते. सुतासारखे मूळ आत शिरते, बोटाएवढे होते, पुढे मनगटाएवढे. दगड केसभर पुढे सरकतो. त्या फटीतून पावसाचे पाणी आत जाते, तटाच्या पोटातील भर धुपू लागते आणि काही वर्षांनी भिंत बाहेर फुगते. गवंडी यालाच ‘भिंतीला पोट आले’ असे म्हणतात. त्यानंतर एखाद्या जोरकस पावसात ती भिंत ढासळली, तर नवल नाही. २०२५ साली रायगड, राजगड, शिवनेरी आदी १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ही यादी आपल्याला भूषणावह खरी. पण घाणेरीच्या मुळाला तिची काय मातब्बरी!

हे झुडूप काढावयाचे कसे? उत्साही मंडळी बुंध्याला दोर बांधून हिसका देतात. अशाने झुडपाबरोबर दगडही निखळतो, आणि कधी कधी खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो. वरवर छाटल्यास खुंटातून पूर्वीपेक्षा अधिक फांद्या फुटतात. जाळल्यास फांद्या जळतात, बुडखा जिवंत राहतो आणि उरलासुरला चुना मात्र भाजून निघतो.

या वनस्पतीचे नवे धुमारे खोड व मूळ यांच्या सांध्यापाशी फुटतात. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी हे ध्यानात घेऊन त्या सांध्याच्या किंचित खाली मुख्य मूळ तोडण्याची रीत रानासाठी बसवली. तोडलेले झुडूप मुळे वर करून वाळत ठेवावयाचे, कारण ओल्या मातीला टेकलेल्या फांदीसही मुळ्या फुटतात.

तटावर हेच काम अधिक नाजूक होते. किल्ला संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी लागते. पाऊस ओसरून दगड कोरडे झाले, पण सांध्यातील माती अद्याप ओलसर आहे, असा काळ त्यासाठी बरा. दोरावरून उतरण्याचे काम शिकलेल्या गिर्यारोहकाचेच; मुलांनी तटाच्या कडेलाही जाऊ नये. दोर तटाच्या सैल दगडाला न बांधता आतल्या बाजूच्या भक्कम आधारास बांधतात. फळे धरलेल्या डहाळ्या आधी पोत्यात भराव्यात, नाहीतर बी खालच्या सांध्यांत सांडते. मग बारीक सळईने सांध्यातील माती उकरून बुडखा उघडा करावा आणि लहान करवतीने जेवढ्या आत जाता येईल, तेवढ्या आत कापावा. दगडांत अडकून बसलेले मूळ ओढू नये. दगड आधीच सरकलेला असेल, तर त्याला हात न लावता जाणकारास दाखवावा.

पुष्कळांचे काम येथेच थांबते, आणि पुढल्या वर्षी त्याच फटीत नवे झुडूप उभे राहते. मोकळा सांधा लगेच बुजवला पाहिजे. चुन्याच्या बांधकामात चुनाच भरावा; सिमेंट पाणी कोंडून ठेवते आणि शेजारचा जुना चुना खिळखिळा करते. जेथे तट चुन्याविना रचलेला आहे, तेथे दगडाच्या चिपा ठोकून बसवतात. भरलेला चुना सावकाश आळतो, म्हणून त्यावर ओले गोणपाट धरून तो काही दिवस दमट ठेवावा लागतो. पुढील पावसाळ्यानंतर त्या जागी पुन्हा नजर टाकावी. एखादे कोवळे रोप उगवलेच असेल, तर त्या वेळी ते दोन बोटांच्या चिमटीने निघते.