डालग्याखालचा रुग्ण

कुत्र्याच्या तोंडातून सुटलेला कोंबडा सहसा ओरडत नाही. जळणाच्या मोळ्यांमागे अंग चोरून, डोळे अर्धे मिटून बसतो. अंगणभर पिसं उडालेली असतात, पण रक्त फारसं दिसत नाही, आणि तिथेच घरचे फसतात. सुळ्याचं भोक बाहेरून बारीक असतं. कोंबडीची कातडी सैल असल्याने आतून मात्र ती बोट-दोन बोटं सोललेली निघते. पाठ, पंखाखालची बगल, शेपटीचं बूड ही ठिकाणं पिसं बाजूला सारून, फुंकर मारून बघावी लागतात.

अशा वेळी घरात दोन मतं पडतात. एक रश्श्याचं; गटारी जवळ असेल तर ते जास्तच जोर धरतं. दुसरं, कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईचं. आठ-दहा कोंबड्यांत एकच कोंबडा, तो गेला तर पिल्लं कुठून येणार? तिचा हिशेब पक्का असतो, पण थोडी सवड त्यातही आहे. कोंबडा वेगळा केल्यावरही साधारण दोन आठवडे कोंबडीची अंडी फळतात, कारण नराचं बीज ती शरीरात साठवून ठेवते. कोंबडा आजारी असतानाची ताजी अंडी खुडूक कोंबडीखाली खुशाल बसवता येतात.

पहिला तास औषधाचा नाही, अंधाराचा आहे. जखमेइतकेच धक्क्यानेही पक्षी दगावतात. खोक्यात किंवा डालग्याखाली पेंढा घालावा, वरून गोणपाट टाकावं आणि लहान मुलांना लांब ठेवावं. निरोगी कोंबड्याचं अंग ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. जखमी कोंबडा लवकर गार पडतो. म्हणून एका कडेला पिवळा बल्ब लावावा, पण दुसरी कडा थंड राहू द्यावी. उकडलं तर त्याला सरकता आलं पाहिजे.

पाणी पाजण्याची घाई सगळ्यांनाच असते. चोच उघडून वाटीभर गूळपाणी ओतणं हा घराघरांतला जुना उपचार, आणि त्याच्याइतका घातक दुसरा नाही. कोंबड्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच उघडतं. ओतलेलं पाणी थेट तिथे जाऊ शकतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा, तो मान वर करून स्वतः गिळतो. दाणे नंतर. आधी मऊ भात किंवा भिजवलेली कणी, तीही थोडी. सकाळी गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. रात्रभरात ती रिकामी झाली नसेल तर खाणं थांबवून डॉक्टर गाठावा.

जखम धुणं हे खरं काम. दोन माणसं लागतात. एकाने टॉवेलमध्ये पंख गुंडाळून धरायचं, मात्र छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच श्वास होतो, त्यामुळे घट्ट धरलेला किंवा घट्ट पट्टी बांधलेला कोंबडा हातातच गुदमरतो. दुसऱ्याने जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापायची, उपटायची नाहीत. लिटरभर पाणी उकळून कोमट करावं, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड सपाट चमचा. बिनसुईच्या सिरिंजने हे पाणी आतपर्यंत सोडावं, घाण निघेपर्यंत. मग कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. हळद लावायची तर ती धुतल्यावर. न धुतलेल्या जखमेवरचा हळद-तेलाचा थर घाण आत कोंडतो. चुलीची राख आणि रॉकेल तर नकोच.

पावसाळ्यात खरा शत्रू माशी. उघड्या जखमेवर तिने अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात. रुग्णाला मच्छरदाणीखाली ठेवणं हास्यास्पद दिसतं, पण उपयोगी पडतं. पू वाहत नाही म्हणून जखम बरी आहे असंही समजू नये. पक्ष्यांचा पू घट्ट, पिवळसर गोळ्यासारखा असतो. तो आपोआप निचरत नाही, काढावा लागतो, आणि ते पशुवैद्यकाचं काम आहे. कुत्र्या-मांजराचा चावा असेल तर प्रतिजैविक बहुधा लागतंच. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. औषध संपल्यावर किती दिवस तो कोंबडा खायचा नाही, हेही तिथेच विचारून घ्यावं.

बरं झाल्यावरचा भाग मात्र औषधाने सुटत नाही. कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेचे श्येल्डरूप-एबे यांनी १९२१ मध्ये कोंबड्यांतली ही उतरंड प्रथम नीट मांडली. चार-आठ दिवस गायब झालेल्याची जागा शिल्लक राहत नाही. त्यातून उघडी लाल जखम दिसली की कोंबड्या तिथेच चोच मारतात. म्हणून कातडी मिटेपर्यंत त्याला खुराड्याशेजारी, जाळीआड ठेवावं. बाकीच्यांना तो दिसत राहिला पाहिजे. सोडायचा तर अंधार पडल्यावर, सगळी दांडीवर बसल्यावर सोडतात. तरी पहिली सकाळ उभं राहून बघावी लागते.

घरात दुसरा कोंबडा असेल तर पहाटेच कळतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की पहिली बांग वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे त्याच्यामागून, मानाच्या क्रमाने आरवतात. त्याला बाजूला काढलं की दुसरा सुरुवात करतो. बरा झालेला मागून आरवू लागला आणि गप्प दाणे टिपत राहिला, तर त्याने खालची जागा पत्करली असं धरावं आणि दोघांना एकत्र राहू द्यावं. झुंज जुंपली, तुऱ्यातून रक्त आलं, तर वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरं खुराडं बांधावं, नाहीतर एक कोंबडा शेजारच्या वाडीत देऊन टाकावा.