फ्रीगंजच्या बाजारात न्याय्य व्यापाराचा प्रश्न

महाकालेश्वराच्या दर्शनासाठी उज्जैनला जाणारे गोमंतकीय भाविक बहुधा जुन्या शहरातच फिरतात. रेल्वेमार्गाच्या पलीकडे, टॉवर चौकाभोवती वसलेल्या फ्रीगंजमध्ये त्यांचे पाऊल पडते ते खरेदीसाठी. ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. तिच्या आधी इंग्रजीतला ‘फ्री’ शब्द येऊन बसला आहे. या मोकळ्या बाजारात भैरवगढची बाटिक छपाईची चादर किंवा साडी हाती घेतली की एक प्रश्न मनात यायला हवा. आपण मोजलेल्या रकमेतला किती वाटा ती छापणाऱ्याच्या घरी पोहोचतो? जगभर ‘फेअर ट्रेड’, म्हणजे न्याय्य व्यापार, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

भैरवगढ हा उज्जैनच्या उत्तरेचा, क्षिप्राकाठचा आणि कालभैरव मंदिराच्या परिसरातला भाग. छिपा समाजातील कारागिरांनी तेथे ही कला जोपासली. मेण आणि राळ एकत्र वितळवून ते मिश्रण सतत गरम ठेवले जाते. कापड चिकटू नये म्हणून वाळू पसरलेल्या मेजावर अंथरतात आणि लोखंडी कलमाने त्यावर मेणाची नक्षी रेखतात. जेथे मेण लागले तेथे रंग शिरत नाही. प्रथम फिकट रंग, मग पुन्हा मेण, मग त्याहून गडद रंग, असे कापड अनेकदा रंगाच्या थंड पाण्यात बुडवावे लागते. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि बाटिकची ओळख असलेल्या त्या बारीक रेषा उमटतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटते. ते गोळा करून पुन्हा वापरले जाते.

या वर्णनात कलेबरोबर खर्चाचाही हिशेब दडला आहे. कोरे कापड, मेण, राळ, रंग, इंधन आणि मजुरी यांवरचा सारा पैसा माल विकला जाण्याच्या कितीतरी आधी गुंतवावा लागतो. लहान कारखानदाराजवळ तेवढे भांडवल नसते. अशा वेळी तो व्यापाऱ्याकडून उचल घेतो, आणि ज्याची उचल त्याचाच भाव, हा हस्तकलेच्या धंद्यातला सार्वत्रिक अनुभव आहे. उलट बाजूने, तयार माल दुकानात ठेवून घ्यायचा आणि विकला गेल्यावर पैसे द्यायचे, ही पद्धतही रूढ आहे. म्हणजे दुकानदाराच्या व्यवसायाला भांडवल पुरवतो तो कारागीरच. त्यात भर म्हणून बाटिकच्या तड्यांची हुबेहूब नक्कल करणारे यंत्रछपाईचे कापड स्वस्तात मिळते, आणि कारागिराची भाव मागण्याची उरलीसुरली ताकद संपते.

२०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नकली मालाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग खुला झाला, हा मोठाच लाभ. परंतु मानांकन सांगते ते वस्तू कोठली आहे एवढेच. ती करणाऱ्याला काय मिळाले, याविषयी ते मौन पाळते. गोव्याला हे वेगळे सांगायला नको. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले, बेबिंका आणि मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये. पण म्हणून काजूच्या बागेत बोंडे वेचणाऱ्या बाईची मजुरी आपोआप वाढत नाही.

मजुरीचा हा विचार न्याय्य व्यापाराच्या नियमांत केंद्रस्थानी आहे. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील कॉफी उत्पादकांसाठी ‘मॅक्स हॅवेलार’ हे चिन्ह सुरू झाले आणि त्याच वाटेने पुढे आजची प्रमाणन व्यवस्था आली. कॉफी, चहा, कापूस अशा पिकांना तीत किमान भाव ठरवलेला असतो; बाजार कोसळला तरी खरेदीदार त्याखाली जाऊ शकत नाही. त्यावर वेगळी अधिक रक्कम दिली जाते आणि ती शाळेवर खर्चावी की विहिरीवर, हे उत्पादकांची संघटना ठरवते. हस्तकलेत असा एकच भाव बांधणे अशक्य असते. त्यामुळे जागतिक फेअर ट्रेड संघटनेने आपल्या दहा तत्त्वांत भावाइतकेच महत्त्व पैसे केव्हा मिळतात याला दिले आहे. कारागिराने मागणी केल्यास मालाच्या किमतीची किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असे हे तत्त्व सांगते. भैरवगढच्या मेणाच्या कढईकडे पाहिले की या नियमाचा अर्थ चटकन उमगतो. अर्थात प्रमाणपत्रालाही खर्च येतो आणि तो दोन-चार माणसांच्या कारखान्याला पेलत नाही, हा या व्यवस्थेवरचा आक्षेप खरा आहे.

म्हणूनच ग्राहकांच्या संघटनेचे मोल अधिक. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या गार्स्टँग या छोट्या बाजारगावाने २००० साली जाहीर सभा घेऊन स्वतःला ‘फेअर ट्रेड गाव’ म्हणून घोषित केले. पुढाकार होता ब्रूस क्रॉउथर या पशुवैद्याचा. गावातील शाळा, चर्च आणि दुकाने यांना त्यांनी न्याय्य व्यापाराचा माल वापरण्यास राजी केले. त्याच वेळी दुधाला भाव न मिळणाऱ्या स्थानिक गोपालकांचा प्रश्नही त्याच मोहिमेशी जोडला. माझ्या मते यशाचे मर्म येथे होते. आफ्रिकेतला कोकोवाला आणि शेजारचा दूधवाला एकाच न्यायाचे हक्कदार आहेत, हे लोकांना पटले. आज जगात अशी दोन हजारांवर गावे-शहरे आहेत.

मराठी माणसाला सामूहिक खरेदीचा अनुभव नवा नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, सर्वांची मागणी एकत्र केली आणि घाऊक खरेदी करून माल स्वयंसेवकांमार्फत वाटला. बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक चळवळीतून आलेला हा विचार ग्राहकाला लुबाडणुकीपासून वाचवण्यासाठी होता. तीच यंत्रणा उत्पादकाच्या बाजूने वळवली तर? एका वसाहतीतील शंभर घरांनी दिवाळीच्या चादरींची मागणी तीन महिने आधी नोंदवून अर्धी रक्कम जमा केली, तर कारागिराला उचल घेण्यासाठी व्यापाऱ्याच्या दारी जावे लागणार नाही. कारागिराच्या हिताची बांधणी कशी टिकते, याचा दाखला उज्जैनहून दूर नाही. नर्मदाकाठी महेश्वरमध्ये रिचर्ड व सॅली होळकर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी केलेली रेहवा संस्था साड्यांच्या विक्रीतील नफा विणकरांची घरे, आरोग्य आणि मुलांचे शिक्षण यांवर खर्च करते.

उज्जैनसाठी हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून तेथील गर्दी वाढली आहे, आणि २०२८ मध्ये सिंहस्थ भरेल. राणोजी शिंदे यांचे सारस्वत दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात ज्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्याच्या ओढीने येणारी माणसे आठवण म्हणून काहीतरी विकत घेतीलच. तो पैसा भैरवगढला जाईल की यंत्रछपाईच्या गिरणीला, हे फ्रीगंजसारख्या बाजारांत ठरेल.

गोव्याहून जाणाऱ्याने तेथे कापड उलटून पाहावे. मेणाच्या बाटिकमध्ये कापड रंगात बुडवलेले असल्याने नक्षी दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच दिसते. वरून छापलेल्या नकलेची मागची बाजू बहुधा फिकी असते. मग दुकानदाराला विचारावे, हे कोणत्या कारखान्यातून आले आणि त्याचे पैसे चुकते झाले आहेत का?