शिवून घेणारे पावित्र्य

मराठीत 'पवित्र' म्हटले की डोळ्यांपुढे आधी सोवळे येते. ओलेत्याने भरलेले पाणी, उंच काठीवर वाळत घातलेले धाबळीचे वस्त्र आणि 'शिवू नकोस' ही हाक. सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती मंडळींचा गेल्या सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहताना मला सारखे वाटत आले की इथल्या चांगल्या माणसांनी या शब्दाचा अर्थच फिरवला. देवाचे व्हायचे तर माणसाला शिवायला हवे, असे त्यांनी मानले आणि जगून दाखवले.

कवी नारायण वामन टिळकांपासून सुरुवात करावी लागते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. त्या प्रवचनात कर्मकांड जवळजवळ नाहीच. राग मनात धरणे हाही अपराध आहे, दान गाजावाजा न करता द्यावे, वैऱ्याचेही भले चिंतावे, असे ते सांगते. मराठी बायबलमध्ये यासाठी 'नीतिमत्त्व' हा शब्द येतो. तो जरा कोरडा वाटतो, पण टिळकांना त्यातला आशय जाळत गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा मात्र साताऱ्याचा आहे. १९१७ साली पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताच्या शिष्यांचा हा बंधुसंघ होता, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही. चर्चच्या वहीत नाव आहे की नाही, यापेक्षा माणूस ख्रिस्तामागे चालतो आहे का, एवढेच त्यांनी पाहिले. त्या काळी हे चर्चला आणि हिंदू समाजाला, दोन्ही बाजूंना रुचणे अवघड होते. जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात मला या दरबाराचा पडसाद ऐकू येतो.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट निराळी, आणि माझ्या मते अधिक कठीण. त्यांच्या वडिलांना सोवळ्याने इतके पछाडले होते की बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतले जाई. अशा घरातली मुलगी नवऱ्याच्या धर्मांतराने उन्मळून पडली, वेगळी राहिली, पुन्हा त्याच्याकडे आली तरी आपले सोवळे सांभाळत राहिली. मग राहुरीत विचार करता करता तिला पटले की जातिभेद माणसाने केले आहेत, देवाने नाही. त्यानंतर कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे तिने ठरवले. बाप्तिस्मा झाला १९०० साली, तो नंतर. 'स्मृतिचित्रे' हे तिचे आत्मचरित्र वाचताना मी या क्रमापाशी दर वेळी थांबतो.

मिरजेत हीच गोष्ट हातांनी लिहिली गेली. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली भारतात आले. आधी सांगली, मग मिरज. १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे राहिले. इथल्याच मुला-मुलींना त्यांनी वैद्यकी आणि शुश्रूषा शिकवली. १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांचेच नाव सांगते. तिथे क्षयरोग्यांची सोय झाली. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. वाईलाही मिशनचा दवाखाना होता.

मिरजेत माझ्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. कुष्ठरोग्याच्या तळव्याची जखम कशी बांधायची, ते त्यांनी मला एकदा सगळे सांगितले. पाय आधी पाण्यात भिजत ठेवायचा. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, भिजू द्यायची. कडेची घट्ट झालेली कातडी हलकेच खरवडायची, मग तेल. "पाय हातात घेतला की माणूस आधी तो मागे ओढतो," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावायची सवयच नसते ना त्याला." शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा मी लहानपणापासून ऐकली होती. पेत्रानेही आधी पाय धुऊ द्यायला नकार दिला होता, हे मला त्या दिवशी नीट कळले.

हे सगळे असूनही एक सल लिहिलाच पाहिजे. आमच्याकडे पवित्र जीवनावरचे उपदेश पुष्कळदा दारू, तंबाखू आणि सिनेमा यांपाशीच संपतात. हे विषय गरजेचे आहेतच. व्यसनाने मोडलेली घरे मीही पाहिली आहेत. पण सोयरीक ठरवताना 'मूळचे कुठले?' हा प्रश्न अजून हळूच येतो, आणि त्यात जात विचारलेली असते. प्रभुभोजनाला एका प्याल्याशी आलेली माणसे लग्नाच्या बोलणीत वेगळी होतात. मला हे दारूहून मोठे पाप वाटते. तसेच वजन-मापातल्या खोटेपणाचे. आपला मुलूख उसाचा आणि हळदीचा. इथे काट्यावर संसार उभे राहतात आणि काटामारीने बुडतात. खरे माप देणारा हमाल किंवा काटेवाला भेटतो तेव्हा उपासनेत बसल्यासारखे वाटते.

नाताळात आमच्या घरांतही करंज्या, शंकरपाळी होतात. मावशी आपला डबा घेऊन आधी कुष्ठरोग्यांकडे जातात. गेल्या नाताळात मी सोबत होतो. बोटे झडलेल्या एका आजोबांना करंजी धरता येईना. मावशींनी ती मोडून त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी अर्धी खाल्ली, पुरे म्हणाले. उरलेला तुकडा मावशींनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि डबा घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या.