हा मॉरिस कोण?

आमच्या मुलीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. फांद्या रंगवता रंगवता तिनं विचारलं, "बाबा, आपल्या आडनावात गाव आहे आणि आपल्या इथल्या गावात आडनाव आहे. मग हा मॉरिस कोण?" मॉरिसव्हिलमध्ये इतकी वर्षं राहून, रोज ऑफिसला जाताना ती पाटी वाचूनही मला उत्तर देता आलं नाही. पदरात पीएच.डी. असून ही गत! मग दोन-तीन शनिवार लायब्ररीत घालवले. जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

गावाचं कोडं लवकर सुटलं. नॉर्थ कॅरोलायना रेलरोडचं काम चालू असताना, १८५२ साली, जेरेमाया मॉरिस यांनी डेपो आणि पाण्याची सोय करण्यासाठी आपली जमीन रेल्वेला दिली. स्टेशनला त्यांचं नाव मिळालं, पुढे १८७५ मध्ये गावाला रीतसर सनदही मिळाली. पेनसिल्व्हेनियातलं मॉरिसव्हिल मात्र दुसऱ्याच मॉरिसचं. रॉबर्ट मॉरिस हे लिव्हरपूलला १७३४ साली जन्मलेले गृहस्थ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी त्यांनी पैसा उभा केला आणि उतारवयात स्वतःचं कर्ज फेडता न आल्यानं १७९८ ते १८०१ तुरुंगात काढले. तिकडच्या मराठी मंडळींनी नोंद घ्यावी.

खरी गंमत आडनावाची आहे. रोमन काळात उत्तर आफ्रिकेच्या मॉरेटेनिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या मोरोक्को-अल्जीरियाकडच्या माणसाला लॅटिनमध्ये 'मॉरस' म्हणत. त्यावरून 'मॉरिशियस' हे नाव झालं. अर्थ 'मूर लोकांपैकी', आणि ओघानं 'सावळा'. त्या नावाचा एक रोमन सैनिक तिसऱ्या शतकात धर्मासाठी मारला गेला अशी ख्रिस्ती परंपरा आहे. त्या संताच्या नावानं युरोपभर मुलांची नावं ठेवली गेली. जर्मनांनी त्याचं मोरित्स केलं, फ्रेंचांनी मोरीस, आणि १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडला पोचलं.

तेव्हा तिथल्या सामान्य माणसाला आडनाव नव्हतं. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत कर आणि जमिनीच्या नोंदी वाढल्या तशी आडनावं रुळली: कुणाला गावावरून, कुणाला धंद्यावरून, कुणाला बापाच्या नावावरून. मॉरिसच्या पोराला लोक मॉरिसच म्हणू लागले. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू येई तसं तो लिही, त्यामुळे रोमन लिपीत या आडनावाची अनेक रूपं झाली. (देवनागरीत लिहिली असती तर बहुतेक सगळी एकसारखीच दिसली असती, पण ते असो.) तारखात्याच्या कडकट्ट भाषेचे जनक मोर्स, त्यांचं आडनावही याच शब्दाचं एक रूप.

वेल्समध्ये आणखी वेगळा प्रकार. तिथं या लॅटिन नावाचं 'मायरिग' झालं होतं आणि आडनावाऐवजी 'अॅप', म्हणजे 'चा मुलगा', लावून बापाचं नाव सांगत. अॅप राइसचा प्राइस झाला, अॅप हॉवेलचा पॉवेल. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी, वेल्सवर इंग्रजी कारभार आला. मग हळूहळू कायम आडनावं आली आणि कितीतरी मायरिगांचे मॉरिस झाले. म्हणजे सगळ्या मॉरिसांचा मूळपुरुष एक नाहीच. गावोगावचे पाटील जसे एकमेकांचे भाऊबंद नसतात, तसंच हे. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत, आडनाव ही काही 'युनिक की' नव्हे.

या शब्दाची एक शाखा आपल्या घरापर्यंत येते. डच लोकांनी १५९८ मध्ये हिंदी महासागरातल्या एका बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरित्सचं, नाव दिलं. तेच मॉरिशस. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणवून घेतात. बोटीवरून उतरलेल्या माणसाला कारकून नाव विचारी. तो आपलं एकट्याचं नाव सांगे, कारकून ऐकू येईल तसं लिही, आणि पुष्कळ घरांत तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. इंग्लंडात मॉरिस जसं आडनाव झालं, अगदी तसंच!

मॉलमध्ये एका स्टॉलवर आडनाव सांगितलं की त्याचा 'इतिहास' आणि ढाल-सिंहाचं चित्र छापून देत. माझ्या ऑफिसातल्या एका मॉरिसना कुणीतरी ते भेट दिलं. इंग्लिश नियमानं असं मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नव्हे. मी हे शहाणपण सांगितल्यावर ते हसले. ते कृष्णवर्णीय आहेत. म्हणाले, "आमचा शोध १८७० ला थांबतो." त्यांनीच मला समजावलं: १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या यादीवर मालकाचं नाव आणि खाली सहसा फक्त वय, लिंग, रंग. नावानिशी सगळ्यांची नोंद प्रथम १८७० साली झाली. मुक्त झालेल्यांपैकी कुणी जुन्या मालकाचं आडनाव लावलं, कुणी मुद्दाम दुसरं निवडलं. त्यांच्या पणजोबांच्या वडिलांनी मॉरिस का लावलं, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. ज्या आडनावाच्या मुळाशी 'सावळा' हा अर्थ आहे ते असं त्यांच्याकडे आलं. मला पुढे काय बोलावं ते सुचेना.

घरी येऊन मी आपल्या 'कर' आडनावांचा विचार करत बसलो. वाईत राहणाऱ्याला वाईकर म्हणून फायदा काय? सगळेच वाईचे. ते नाव चिकटतं गाव सोडल्यावर. गोव्यातल्या मंगेशीला १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी आपल्या गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं, आणि पुढच्याच पिढीत ते जगभर झालं. एका माणसाच्या आयुष्यात आडनाव जन्माला येऊ शकतं, हे आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण.

मग आत्याला फोन लावला. "आपलं आडनाव आधी काय होतं गं?"

"आधी? आजोबा गिरणीत लागले तेव्हा मुकादमानं गाव विचारलं, तेच हजेरीत लिहिलं. त्याच्या आधी कोण आडनाव विचारत होतं? त्यांचे वडील गोविंदा. नुसते गोविंदा."

मुलीनं सगळ्यात खालच्या चौकटीत तसंच लिहिलं, नुसतं 'गोविंदा'. पुढच्या आठवड्यात तक्ता तपासून परत आला. त्या चौकटीपुढे बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, "लास्ट नेम?"