पाणलोटाचा हिशेब कोण मांडणार?

गावाकडचा पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. तीन-तीन आठवडे उघडीप, आणि मग महिन्याचे पाणी दोन दिवसांत कोसळून वाहून जाते. हवामान बदलत आहे, हे शास्त्रज्ञही सांगतात. तेव्हा पाणलोटाची कामे नव्या पावसाचा अंदाज घेऊन आखावी लागणार. पण आखायला बसणार कोण?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी रोजंदारीवर खडी फोडली, तलाव खोदले. पुढे डोंगरावर समतल चर खणायलाही आपलेच हात होते. पाणी मुरले ते खालच्या विहीरवाल्यांच्या शिवारात. भूमिहीनाच्या हाती हजेरीपत्रकाचे पैसे आले, तेही उशिरा!

असे व्हायलाच हवे असे नाही. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटायचे. डोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस बंद. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली दामोदर नदीला महापूर आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत त्यांनी नुसत्या पूरबंधाऱ्यावर न थांबता पूर, शेतीचे पाणी व वीज यांची एकत्र योजना मांडली. नदी बंगाल-बिहारची हद्द पाहत नव्हती. आपला ओढाही गावाची शीव पाहत नाही. वरच्या गावाने अडवले तर खालच्याचे काय, हे दोन्ही गावांनी एकत्र बसूनच ठरवावे लागते.

त्या बैठकीत बोलायचे तर हिशेब यायला हवा. तो अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. घरच्या दोनशे चौरस फुटांच्या पत्र्यावर इंचभर पाऊस पडला, तरी दोन पिंपे भरून वर उरते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला असाच ताळेबंद गावापुढे मांडून पिके ठरवतात.

आम्हाला वाटते, सुरुवात मुलींपासून करावी. दहावी झालेल्या मुलीला पर्जन्यमापक वाचता येतो, दोरीला गाठी मारून विहिरीची पातळीही मोजता येते. रोज सकाळी साडेआठला मोजावे, हवामान खात्याचीही तीच वेळ. वही मात्र घरात ठेवू नये, ग्रामसभेत घेऊन जावी.